नाखवांच्या बकऱ्या

नाखवांनी कधी जनावर हाकललं नाही. संगणकातलं खोटं जनावरसुद्धा नाही. आमच्या खेळात वाटेत गाय आडवी आली की आम्ही तिला ढकलून पुढे जायचो. नाखवा मात्र ती आपणहून बाजूला होईपर्यंत उभे राहायचे. सारसोळ्याचा मढवी विचारायचा, "नाखवा, सिग्नल लागला काय?" ते शांतपणे लिहायचे, "तिला जाऊ दे आधी. आपल्याला कुठं लाँच पकडायची हाय?"

खेळ ठोकळ्यांचा. खणायचं, घरं बांधायची, जनावरं पाळायची. जिंकणं-हरणं असं त्यात काही नाही. जुईनगरच्या माझ्या फ्लॅटमध्ये, कपड्यांच्या कपाटाशेजारी ठेवलेल्या एका संगणकावर मी त्याचा सर्व्हर चालवतो. आमचं सगळ्यांचं जग त्या एका खोक्यात. सुरुवात सोसायटीतल्या मुलांसाठी केली होती. मुलं कॉलेजात गेली आणि आम्ही वीस-पंचवीस मोठी माणसंच उरलो. त्यात शबाना होती, आमच्याच सोसायटीत भाड्याने राहून फार्मसी शिकलेली. नोकरीसाठी ती मस्कतला गेली आणि जाताना वडिलांना खेळात ओढून गेली. तेच नाखवा. घर मोऱ्याला, लाँचच्या धक्क्याच्या मागच्या गल्लीत. त्यांचे वडील लाँचचं इंजिन चालवायचे. स्वतः नाखवांनी एका गोदीत आधी यंत्रं आणि नंतर संगणक सांभाळण्यात नोकरी संपवली. दर शुक्रवारी दुपारी नमाज आणि जेवण उरकून ते खेळात यायचे. मस्कतला शुक्रवारी सुट्टी असते, त्यामुळे तिकडून शबाना यायची. दोघांनी टेकडीवर एक घर बांधलं होतं. दारात बकऱ्या होत्या, त्यातल्या एकीला शबानाने बिजली नाव दिलं होतं. लहानपणी मोऱ्याच्या घरात खरी बिजली होती म्हणे.

आमच्या सर्व्हरचं दुखणं जनावरं होतं. प्रत्येकाने इतकी पाळली, की सगळं जग अडखळायला लागलं. दार उघडायला सांगितलं, तर ते दोन सेकंदांनी उघडायचं. मी खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर जाहीर केलं की अर्धी जनावरं मारावी लागतील. त्यावर नाखवांचा मला पहिला फोन आला. "मारायची घाई नको, सायब. आमचे बाबा सांगायचे, इंजिन आधी ऐकायचं, मग पाना उचलायचा." नंतर दोन आठवडे ते खेळात काहीच करत नव्हते. एकेका गोठ्यासमोर तासभर उभे राहायचे आणि शाळेच्या वहीत लिहून घ्यायचे. ती वही मी नंतर पाहिली. 'पाटलांची मेंढी. कुंपणापलीकडे गवत दिसतं. वाट नाही. तरी दर क्षणी वाट शोधते.' त्यांचं निदान तेच निघालं. मोकळी जनावरं फारसा भार टाकत नव्हती. "कोंडलेलं जनावर सगळ्यात जास्त विचार करतं," ते म्हणाले. "बाहेर जायला वाट नाय, पन शोधनं बंद होत नाय."

मग त्यांनी एक मॉड लिहिला, म्हणजे मूळ खेळाला बाहेरून जोडायचा, आपण लिहिलेला प्रोग्रामचा तुकडा. साठीच्या माणसाने इंटरनेटवरून शिकून, चार महिने खपून. जवळपास माणूस नसेल तर जनावराने विचार करायचा नाही, नुसतं उभं राहायचं. माणूस जवळ आला की जागं व्हायचं. एकदा वाट सापडली नाही, तर थोडं थांबून मगच पुन्हा शोधायची. सर्व्हर चालवणाऱ्याला, म्हणजे मला, अदृश्य होऊन फिरायची सोय खेळात आहे. मी विचारलं, मी अदृश्य असताना जनावरं जागी होणार का? ते म्हणाले, "लपून बघनाऱ्यासाठी त्यांनी कशाला चालायचं?"

मॉड एका शुक्रवारी बसवला. फरक लगेच दिसला, पण गर्दी झाली की अजून थोडं अडखळायचं. नाखवा म्हणाले, आठवडाभर चालू दे, मी बघतो आणि मग गोठ्यांचं प्रमाण ठरवतो. दोनच दिवसांनी, रविवारी, मढवीने खेळात बांधलेल्या बंदराचं उद्घाटन होतं. सगळे अकराला येणार होते आणि मला सगळ्यांसमोर सर्व्हर गुळगुळीत चाललेला दाखवायचा होता. साडेदहाला मी गायी, मेंढ्या, बकऱ्या एकदम काढून टाकायचा एका ओळीचा आदेश दिला. नाव दिलेली जनावरं ठेवायची होती, पण ती वगळायची तर तसं त्या ओळीत लिहावं लागतं. आजवर असे आदेश नाखवा लिहून द्यायचे आणि ते शब्द कधी विसरायचे नाहीत. मी विसरलो. जगाची रोज निघणारी प्रतही मी आठवड्यापूर्वी बंद केली होती, कारण ती निघताना खेळ अडखळायचा. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यामुळे गेलेलं परत आणायला काहीच नव्हतं.

अकरा वाजता माणसं आली आणि त्यांना रिकामे गोठे दिसले. ग्रुपवर विचारणा सुरू झाली. मी लिहिलं, "नवीन मॉडमध्ये काहीतरी गडबड झाली असावी." हे वाक्य लिहायला मला विचारसुद्धा करावा लागला नाही, याची मला आजही भीती वाटते. मढवीने लिहिलं, "नाखवा, झोपवा म्हनलं होतं, कायमचंच झोपवलंत काय?" खाली हसण्याच्या खुणा पडल्या. नाखवांनी एवढंच लिहिलं, "चूक माझी असेल. शोधतो."

आणि ते शोधत बसले. चार दिवस, ओळ न् ओळ. मला फोन करून विचारायचे, सायब, ही अट उलटी तर नाय पडली? मी म्हणायचो, असेल, बघा. शबानाची त्यांनी माफी मागितली, माझ्या हातून बिजली गेली म्हणून. पाचव्या दिवशी फोन आला नाही. सहाव्याही दिवशी नाही. सातव्या दिवशी मी स्कूटर काढली आणि खरं सांगायचं ठरवून मोऱ्याला गेलो.

त्यांनी बसवलं, चहा केला. मी तोंड उघडायच्या आत लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. पडद्यावर एक लहानसं जग होतं. त्यात काही गायी होत्या आणि गळ्यात नाव बांधलेली एक बकरी. "मी सांगतो तो आदेश लिवा," ते म्हणाले आणि एकेक शब्द सांगायला लागले. तिसऱ्या शब्दाला मला कळलं. मी रविवारी दिलेला आदेश होता तो, वगळायचे शब्द नसलेला, जसाच्या तसा. सर्व्हर प्रत्येक आदेश, देणाऱ्याच्या नावासकट, नोंदवून ठेवतो. ती नोंद त्यांना बघता येत होती.

माझी बोटं थांबली.

"लिवा. काय नाय होत."

मी लिहिलं. गायी नाहीशा झाल्या. बकरी तिथेच उभी राहिली.

"मॉडमध्ये घातलंय आता," ते म्हणाले. "कुनाचाही हात चुकला तरी नाव असलेलं जनावर जानार नाय." मग त्यांनी विचारलं, चहात साखर बरोबर आहे का. मी म्हणालो, बरोबर आहे. कप रिकामा केला आणि घरी आलो. जे सांगायला गेलो होतो, ते सांगितलंच नाही. त्यांना कळलंच आहे, मग आता बोलून काय, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण ते फक्त त्यांना कळलं होतं. ग्रुपला नाही, शबानाला नाही.

त्यानंतर नाखवा पूर्वीसारखेच यायचे, दर शुक्रवारी. मढवी अधूनमधून तो झोपवण्याचा विनोद करायचा आणि ते हसण्याची खूण टाकायचे. आठ महिन्यांनी ते गेले. सकाळी धक्क्यावरून मासळी घेऊन आले आणि ओट्यावरच बसल्या जागी गेले. दफनाला मी होतो. शबाना मस्कतहून दुसऱ्या दिवशी पोचली. मी भेटायला गेलो, तेव्हा म्हणाली, "काका, त्या मॉडच्या चुकीचं अब्बांना फार लागलं होतं का हो?" घरात माणसं होती. मी म्हणालो, नाही, तसं काही नाही. दुसऱ्यांदाही खरं सांगितलं नाही.

ती परत गेली. त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी मी अदृश्य होऊन त्या टेकडीवर गेलो. दारात नाखवांनी नंतर आणलेल्या सहा बकऱ्या दगडासारख्या उभ्या होत्या. बराच वेळ मी तिथे होतो. एकीनेही मान वळवली नाही. मग अचानक एकीने कान हलवला, दुसरी चालायला लागली आणि उतारावरून शबाना वर येताना दिसली.

मी अदृश्यपणा काढला आणि तिच्यासमोर उभा राहिलो. आदेश मी दिला होता, प्रत मी बंद केली होती, अब्बांच्या मॉडमध्ये चूक नव्हती, हे सगळं लिहिलं. तेच टेकडीवर येण्याआधी ग्रुपवरही लिहिलं होतं. तिने ते वाचलं नव्हतं.

ती बकऱ्यांना गहू घालत होती. मग विचारलं, "अब्बांना माहीत होतं?"

मी लिहिलं, "हो. पाचव्या दिवसापासून."

"मग मला का नाही बोलले?"

मग तिनेच लिहिलं, "तुम्ही सांगाल, म्हणून थांबले असतील."

थोड्या वेळाने तिचं नाव खेळात असलेल्यांच्या यादीतून गेलं. मी तिथेच उभा राहिलो, सगळ्यांना दिसेल असा, आणि बकऱ्या चालत राहिल्या.