वकीलसाहेबांसाठी चिंगम

माझ्या आत्यानं साठीनंतर चिंगम खायला सुरुवात केली. चवीसाठी नव्हे, चौकशीसाठी. अकोल्याच्या दुकानांत मिळेल ते प्रत्येक चिंगम तिनं आणलं, भिंग धरून पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली आणि मग ते तोंडात टाकून घड्याळाकडे बघत चावत बसली. गोडी कधी गेली, कडक कधी झालं, हे ती चावता चावताच मोठ्यानं सांगायची. पहिलंच चिंगम कवळीत असं अडकलं की वरची कवळी खालचीला सोडेना. मोरीत जाऊन तिनं दोन्ही मोकळ्या केल्या, परत आली आणि म्हणाली, "पकड चांगली हाय वं निमे. बापूले अशीच पायजे."

बापू म्हणजे तिचा धाकटा भाऊ, माझे बाबा. अमरावतीला वकिली करायचे आणि तरुणपणापासून खर्रा खायचे. आमच्या भागात खर्रा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घोटून पुडी बांधलेली असते. बाबांच्या कोटाच्या उजव्या खिशात पुडी आणि डाव्या खिशात रुमाल, हा क्रम कधी चुकला नाही. पुढे पुढे त्यांचं तोंड उघडेनासं झालं. डॉक्टरांनी स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालून दाखवली आणि म्हणाले, "एवढं उघडायला हवं." बाबांच्या तोंडात एक बोट जेमतेम गेलं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की खर्रा थांबला नाही तर तोंड मिटत जाईल, आणि त्याहून वाईटही होऊ शकेल.

वकिलाचं तोंड मिटणं म्हणजे काय, हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं. त्यांचे शब्द चपटे होऊन बाहेर पडायचे. कोर्टात त्यांना तेच वाक्य पुन्हा सांगावं लागे. घरी फोनवर, भाजीवाल्याजवळ, लग्नाच्या पंगतीत लोक त्यांच्याऐवजी माझ्याकडे बघून विचारायचे, "काय म्हणाले वकीलसाहेब?" आणि मी त्यांचं वाक्य पुन्हा म्हणायचे. एके काळी निरोप समारंभ असो की शोकसभा, चार शब्द बोलायला बाबांनाच उभं करत. आता ते मागच्या खुर्चीत बसायचे. दोनदा त्यांनी खर्रा सोडून पाहिला आणि दोन्ही वेळा आठवड्याच्या आत पुडी परत खिशात आली. मी विकतचं चिंगम आणून दिलं, ते त्यांनी कागदासकट परत केलं. "हे लेकराईचं हाय."

आत्या तेव्हा आमच्याकडे आली होती. ती ताटावरून न उठता म्हणाली, "मंग मोठ्या मानसाचं बनवू."

तिनं मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवलेलं होतं. निवृत्तीनंतर ती अकोल्यात एकटी राहायची आणि दर शनिवारी बसनं आमच्याकडे यायची. एखादी गोष्ट ठरवली की ती जाहीर करत नसे, सरळ गॅस पेटवत असे. पदार्थ फसला तरी "फसलं" हा शब्द तिच्या तोंडी नव्हता. पातेल्याच्या तळाशी काळा गोळा बसलेला असायचा आणि ही म्हणायची, "बिघडलं नाई, शिजून राहिलं." मला कामांची यादी करून एकेक खोडायची सवय. आत्याच्या कामावर मात्र रेघ मारायची सोय नव्हती. ते नेहमी शिजतच असायचं.

चिंगम कसं होतं, हे तिनं आम्हाला जेवताना कणकेच्या उदाहरणानं समजावलं. "कणीक म्हंजे गम बेस. तो तोंडात विरघळत नाई, म्हनून आपण चावत रायतो. कारखान्यात तो रबराच्या जातीच्या मालापासून बनवतात, त्यात राळ आन मेण घालतात. गरम करून पातळ करायचा, पिठीसाखर, पाक, मऊ राहावं म्हनून ग्लिसरीन, आन वास टाकून यंत्रात मळायचा. मंग लाटायचा, चिकटू नये म्हनून पूड भुरभुरायची, कापायचा. झालं."

"बाई, मंग यंत्र कुठून आणतं?" बाबांनी विचारलं. निदान मला तरी तसं ऐकू आलं, आणि मी ते आत्याला पुन्हा सांगितलं.

"हे काय दोन यंत्रं," ती हात दाखवून म्हणाली.

पहिली चूक आपल्याच लोकांकडून व्हावी अशी झाली. डिंक म्हटलं की वऱ्हाडी बाईचा हात लाडवाच्या डब्याकडे जातो. आत्यानं उत्तम धावड्याचा डिंक आणला, भिजवला, गूळ घालून आटवला आणि वड्या पाडल्या. दिसायला फार सुरेख होत्या. बाबांनी एक तोंडात टाकली, दोन मिनिटांत ती विरघळून पोटात गेली. ते आत्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, हे बाळंतिणीचं खाणं हाय. माह्यं कोणतं बाळंतपण झालं?" उरलेल्या वड्या शेजारच्या सुनेनं खाल्ल्या. तिला त्यांचा उपयोग होता.

मग आत्या आमच्या अंगणातल्या चिकूकडे वळली. पूर्वी परदेशात चिंगम चिकूच्या झाडाच्या चिकापासूनच करायचे, हे तिनं कुठेतरी वाचलं होतं. कच्चा चिकू खाल्ल्यावर ओठ कसे चिकटतात, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. तरी त्याचा चिंगमशी संबंध कुणी जोडत नाही. तिनं सालीवर तिरक्या चिरा पाडल्या, खाली करवंटी बांधली, जमलेला पांढरा चीक मंद आचेवर आटवला. सुपारीएवढा गोळा निघाला. बाबांनी तो संध्याकाळभर चावला आणि मान हलवली. "जमलं." पण त्या वर्षी झाडानं चिकू धरला नाही. आत्या झाडाभोवती एक फेरी मारून आली आणि तिनं करवंटी सोडली. "एका बापूपायी झाड नाई मारायचं. दुसरं पाहू."

दुसरं म्हणजे सालई. धारणीला शिक्षिका असलेल्या तिच्या जुन्या विद्यार्थिनीनं मेळघाटातल्या सालईच्या झाडाचा डिंक पाठवला. बसच्या वाहकाच्या हाती पिशवी आली तेव्हा अख्ख्या बसला देवळाचा वास येत होता, असं तो म्हणाला. हा डिंक लोक धुपासाठी जाळतात. त्याचा थोडा भाग तोंडात विरघळतो आणि उरलेली राळ चावत राहता येते. आत्या तो फ्रिजमध्ये गार करून कुटायची, सालीचे तुकडे निवडायची, उकळत्या पाण्यात ठेवलेल्या पातेल्यात मऊ करून फडक्यातून गाळायची. त्यात मधमाशीचं मेण, थोडं तेल. तेलाच्या हातानं मळायचं, पोळपाटावर शिंगाड्याचं पीठ भुरभुरून लाटायचं आणि कातणानं शंकरपाळ्यासारखे तुकडे करायचे. ती गाळणी, ते फडकं आणि ते पातेलं मी घरातल्या भांड्यांतून कायमचं वेगळं काढून ठेवलं, कारण पुन्हा त्यात चहा करण्यासारखी त्यांची अवस्था राहिली नव्हती.

"बाई मले धूप खाऊ घालून राहिली," बाबा म्हणाले. "आता तोंडातून धूर निघन."

पहिल्या खेपेला तिनं लवंग घातली. बाबांच्या तोंडाची आग आग झाली, डोळ्यांतून पाणी आलं. अशा तोंडाला तिखट चालत नाही. आत्या त्याच दुपारी तुकडे घेऊन डॉक्टरांकडे गेली. त्यांनी वास घेतला, आत काय काय आहे ते विचारलं, गिळू नका, झोंबलं तर लगेच थुंका, साखर नको असं सांगितलं आणि म्हणाले, "तुम्ही त्या पुडीच्या जागी काहीही आणलंत तर माझी हरकत कमीच असणार." मग लवंगेच्या जागी ज्येष्ठमध आणि बडीशेप आली. ज्येष्ठमधाची गोडी साखरेसारखी पळून जात नाही, मागे रेंगाळते.

चिंगम झालं. चांगलं झालं. बाबांनी तसं कबूल केलं. आणि दुसऱ्या दिवशी धुवायला टाकलेल्या कोटाच्या उजव्या खिशात खर्र्याची पुडी निघाली.

मी पुडी आत्यासमोर ठेवली. मला वाटलं, आता तरी ती चिडेल. तिनं पुडी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "हा खाते कुठं?"

सोमवारी ती अकोल्याला परत गेलीच नाही. मला बरोबर घेऊन कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर गेली आणि सकाळपासून बाकावर बसून राहिली. बाबा आले, आम्हाला पाहून जरा वरमले, पण सवय ती सवय. पुडी निघाली. बाबांनी ती दोन्ही तळव्यांत धरून सावकाश चोळली. पन्नी कुरकुरली. तेवढ्यात शेजारच्या टेबलाचे वानखडे वकील खुर्ची ओढून जवळ आले, आणखी दोघे आले. बाबांनी पुडी उघडून आधी वानखड्यांपुढे धरली, मग इतरांपुढे, आणि शेवटी स्वतः चिमूट घेतली. तोवर कुणाची तरी तारीख, कुणाच्या मुलीचं लग्न, असं बोलणं सुरू झालं होतं. बाबा मात्र ऐकत होते. त्यांना बोलायची गरज पडत नव्हती. पुडी पुढे केली की झालं.

आत्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "निमे, आपण त्याच्या तोंडासाठी बनवून राहिलो. याच्या तर हाताले खर्रा लागते."

त्या आठवड्यात तिनं तेल जवळजवळ काढून टाकलं. इतके दिवस ती चिंगम मऊ राहावं म्हणून धडपडत होती, आता तिनं ते मुद्दाम दगडासारखं कडक ठेवलं. लहान खडे पाडले, ज्येष्ठमध, बडीशेप आणि भाजलेल्या जवसाची भरड वेगळी केली आणि दोन्ही मिळून पन्नीत बांधलं. प्लास्टिकवर तिचा राग होता, पण कागदाची पुडी कुरकुरत नाही, म्हणून तिनं तो बाजूला ठेवला. हे चिंगम तसंच तोंडात टाकता येत नव्हतं. तळव्यांत धरून बराच वेळ चोळलं की हाताच्या उबेनं मेण सैल व्हायचं, भरड त्यात मिसळायची आणि मग कुठे ते खाण्याजोगं व्हायचं. एका पुडीत चार-पाच जणांचं भागायचं. एकट्यानं खायची ती वस्तूच नव्हती.

बाबांनी टपरीवर पहिली पुडी चोळली तेव्हा आम्ही पुन्हा बाकावर होतो. त्यांनी ती वानखड्यांपुढे धरली. वानखड्यांनी खडा तोंडात टाकला आणि थांबले.

"वकीलसाहेब, हे देवघरातून आणलं का जी?"

"चावा."

"चावून राहिलो ना. पण हे तं विरघळूनच नाई राहिलं."

बाबा काहीतरी बोलले. कुणाला कळलं नाही. सगळे माझ्याकडे वळले आणि मी सांगितलं, "दिवाणी दावा हाय म्हणतात. चावत राहा, निकाल नाई लागत."

टपरीवाल्यासकट सगळे हसले. आत्या हसली नाही. ती बाबांच्या हातांकडे बघत होती.

बाबांनी खर्रा एका दिवसात सोडला नाही. दोन खिसे, दोन पुड्या, असं बरेच महिने चाललं. आत्या उजव्या खिशाबद्दल कधी बोलली नाही. शनिवारी आली की डावा खिसा भरून जायची. डॉक्टरांनी दिलेल्या व्यायामासाठी आइस्क्रीमच्या काड्यांची चवड बाबांना दातांत धरावी लागे. आत्या समोर बसून हळूच आणखी एक काडी आत सरकवायची. "दुखते बाई," असं ते खुणेनं सांगायचे. ती म्हणायची, "दुखू दे. शिजून राहिलं." एका शनिवारी उजव्या खिशातून रुमाल निघाला आणि पुन्हा पुडी निघाली नाही. त्याचं श्रेय काड्यांचं किती, औषधाचं किती आणि चिंगमचं किती, याची वाटणी मी केली नाही. डॉक्टरांनीही केली नाही. बाबांच्या तोंडात आता दोन बोटं जायची, आणि एवढं झालं तरी पुष्कळ, असं डॉक्टर म्हणाले. पण बाबा सभेत मागच्याच खुर्चीत बसायचे. एकदा गेलेली जागा परत मागायची नाही, असा त्यांचा स्वभाव.

गेल्या हिवाळ्यात आत्या झोपेतच गेली. सकाळी शेजारीण उठवायला गेली तेव्हा ओट्यावर सालईचं पातेलं पाणी घालून ठेवलेलं होतं. आम्ही अमरावतीहून निघालो. वाटेत मी फोन केले, कामं वाटून दिली, कुणाला काय आणायचं ते सांगितलं. बाबा काच खाली करून बाहेरच्या शेतांतली कपाशीची पराटी बघत राहिले.

आमच्याकडे अग्नी दिल्यावर स्मशानातच शोकसभा होते. लोक सिमेंटच्या पायऱ्यांवर बसतात आणि चारजण उठून दोन शब्द बोलतात. शाळेच्या एक बाई बोलल्या. धारणीची विद्यार्थिनी बोलायला उठली आणि रडली. बाबांना कुणी विचारलं नाही. विचारायचं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. सूत्रसंचालक श्रद्धांजलीला उभं राहायला सांगणार, तेवढ्यात बाबांनी खिशातून पुडी काढली आणि तळव्यांत चोळायला घेतली. त्या शांततेत पन्नीचा आवाज फार मोठा वाटला. मी त्यांच्या हातावर हात ठेवणार होते, पण ठेवला नाही. त्यांनी पुडी उघडली, शेजारी बसलेल्या वानखड्यांपुढे धरली, मग धारणीच्या विद्यार्थिनीपुढे, मग माझ्यापुढे. स्वतः घेतलं नाही. पुडी माझ्या हातात देऊन ते उठले आणि पुढे गेले.

"हे माह्या बहिणीनं बनवलं," ते म्हणाले. "माह्यं तोंड बंद होऊन राहिलं होतं. साऱ्याईनं मले खर्रा सोड म्हनून सांगितलं. तिनं नाई सांगितलं. ती पाहत बसली, मी कसा खातो. मंग माह्या हाताले येईन असं बनवून देल्लं. वकील म्हनून मी लोकाईची बाजू मांडली. माही बाजू तिनं मांडली, आन मले न विचारता."

एवढंच बोलून ते परत आले आणि पहिल्याच पायरीवर बसले. मी सवयीनं मागे वळून पाहिलं. शेवटच्या पायरीपर्यंत माणसं होती. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं.