वरचा होज गार होता

पंचावन्नच्या उन्हाळ्यात माझं पोस्टिंग पिंपरीजवळच्या कॅम्पात, वर्कशॉपमध्ये होतं. हुद्दा हवालदार, ट्रेड मेकॅनिक, स्वभाव तिरसट.

उन्हाळा लागला की ट्रकांचे थर्मोस्टॅट काढून ठेवायची आमच्याकडे पद्धत होती. थर्मोस्टॅट म्हणजे लहानशी झडप. इंजिन तापलं की उघडते आणि पाणी रेडिएटरकडे सोडते. उघडलीच नाही तर इंजिन आतल्या आत उकळतं. इन्स्पेक्शनला मात्र यादीतली प्रत्येक वस्तू जागेवर लागायची, म्हणून झडपा परत बसवाव्या लागत. आधी प्रत्येक झडप उकळत्या पाण्याच्या मगात टाकून उघडते का ते बघायचं. त्या दिवशी पाच ट्रक होते. चार झडपा मी उकळून पाहिल्या. तेवढ्यात इन्स्पेक्शनचे साहेब गेटवर आले, आणि पाचवी तशीच बसवली.

इन्स्पेक्शन झकास झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तेच पाच ट्रक तोफगोळे भरून खेडच्या घाटाकडे निघाले. कॅप्टनसाहेब पुढे जीपमध्ये, मी सगळ्यांत मागे दुरुस्तीच्या गाडीत, म्हणून वायरलेसवर माझं नाव 'टेल', शेपूट. वायरलेस आम्हा दोघांकडेच होता. माझ्या पुढचा, पाचवा ट्रक लान्स नायक तुकाराम चालवत होता. तो चाकणजवळच्या वाडीचा.

सव्वाआठला चाकणला दहा मिनिटांचा हॉल्ट. तुकारामचे वडील भाकरी घेऊन रस्त्यावर उभेच होते.

"उस्ताद, टेंपरेचरचा काटा चढतोय," तुकाराम मला म्हणाला.

"पानी पाज की त्याला," म्हातारा म्हणाला. "घाटाआधी बैलाला बी पाजतो आपन." त्याने स्वतः विहिरीवरून घागर आणून रेडिएटर काठोकाठ भरला.

मी बॉनेटखाली हात घातला. इंजिनाला हात लावता येईना, आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा रबरी होज गार होता. झडप अडकल्याची याहून स्पष्ट खूण नाही. काढायला वीस मिनिटं लागली असती. पण मग न तपासता बसवल्याचं सांगावं लागलं असतं.

वायरलेसवर कॅप्टनसाहेबांचा आवाज खरखरला. "टेल, काही अडचण? ओव्हर."

"काही नाही, साहेब. ओव्हर."

तुकारामला म्हणालो, "दमानं चल."

"व्हय, उस्ताद."

नऊ पंचवीसला, घाटाच्या दुसऱ्या वळणावर त्याचं इंजिन जाम झालं. ट्रक मागे सरकला. मी उडी टाकून चाकामागे धोंडा लावला. तेवढ्यात बॉनेटखालून जाळ निघाला. पेट्रोलची नळी पेटली होती. मागे गोळे.

"तुकाराम, पळ!" मी ओरडलो.

तो पळाला नाही. ओलं पोतं घेऊन त्याने बॉनेट उघडलं आणि जाळावर दाबलं. त्याच क्षणी झडपेखालचा आखूड होज फाटला. उकळतं पाणी आणि वाफ त्याच्या तोंडावर, छातीवर आली. तो किंचाळला. असा आवाज मी लढाईतही ऐकला नव्हता. तरी पोतं सोडलं नाही. मी त्याला पाठीमागून धरून ओढलं, तर त्याच्या शर्टाबरोबर कातडी माझ्या हातात आली. जाळ विझला होता. गोळे शाबूत होते.

"पेशंट आहे. गाडी पाठवा. ओव्हर," मी वायरलेसवर म्हणालो.

तिसऱ्या दिवशी पुण्याच्या हॉस्पिटलात त्याने प्राण सोडला. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत निष्कर्ष निघाला की होज जुना होता. मला कोणी काही विचारलं नाही, आणि मी बोललो नाही.

महिन्याने त्याची ट्रंक पोचवायला मी वाडीवर गेलो. म्हाताऱ्याने चहा दिला. मग खाली बघत म्हणाला, "सायेब, एकच इचारतो. आमचं पानी कमी पडलं का?"

तेव्हा मात्र माझ्याने राहवलं नाही. म्हणालो, "आबा, पाणी भरपूर होतं. चूक माझी होती. चाकणलाच माझ्या ध्यानात आली होती."

त्याने माझ्या मुस्काटात एक ठेवून दिली. आणि नंतर हळूच विचारलं, "मग तवाच का न्हाई बोललास?"

ट्रंक ठेवली आणि निघालो.

परत येऊन मी साहेबांना सगळं लिहून दिलं. हवालदारकीच्या फिती गेल्या. आता चिंचवडला माझं गॅरेज आहे. नवी झडप आली तरी मी आधी मगात उकळतो. गिऱ्हाईकं हसतात. हसू देत. ती पाण्यात उघडेपर्यंत मी तिच्यावरून नजर काढत नाही, आणि उघडली की तुकारामचं नाव घेतो.