चामुंडीच्या पायऱ्यांवर राहिलेलं कुंकू

नवस अर्धा राहिला तर दोष कुणाला लागतो, बोलणाऱ्याला की ज्याच्यासाठी बोललो त्याला? त्या शुक्रवारी चामुंडीच्या डोंगराच्या पायरीवर बसून माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं. पुण्याला लेकीचं बाळंतपण फार अवघड झालं होतं. बाळ-बाळंतीण सुखरूप सुटले तर प्रत्येक पायरीला हळदकुंकू लावीन, असं मी देवीला बोलले होते. दोघी सुखरूप घरी आल्या. बाळाला न्हाऊमाखू घालून, रात्रभर बसमध्ये अवघडून बसून मी म्हैसूरला परतले, तेव्हापासून डावी पोटरी दुखत होती.

आमचे हे म्हणाले, "आधी डॉक्टर, मग नवस. देवी कुठे पळून जाते की काय?" पण मी कसली ऐकते! साठी उलटली तरी माझा हट्ट जात नाही. त्यात लेकीचा फोन आला, बाळाला ताप आहे. झालं, नवस थकवला म्हणूनच हे, असं मनाने घेतलं आणि मी ताटली घेऊन निघाले. वाकायचं, बोट टेकवायचं, वर चढायचं. पोटरी दगडासारखी झाली, आतून गरम लागू लागली. वाटेतला मोठा दगडी नंदी थोडाच वर उरला असताना पाय उचलेना. मी मटकन बसले आणि रागाने रडू आलं. अगं बाई, एवढं दिलंस आणि आता फेडूही देईनास?

ह्यांच्या पिशवीत दिव्यासाठी तिळाचं तेल होतं. "चोळा जरा जोरात, मोकळं होईल," मी म्हटलं. त्यांनी हातावर तेल घेतलं मात्र, मागून चढत आलेल्या एका बाईने त्यांचं मनगटच धरलं. "तिक्कबेडी सर, चोळू नका!" माझ्याच वयाची असेल. तिने माझे दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा आम्हाला दिसलं, डावा सुजून चकचकीत झाला होता.

"आमच्या यजमानांचा पाय असाच होता," ती कन्नडमध्ये म्हणाली. "मीच तेल लावून चोळत बसले. आतली रक्ताची गाठ छातीत गेली, म्हणाले डॉक्टर. संध्याकाळी ते नव्हते." ती रडली नाही. सरळ आस्पत्रीला न्या, एवढंच ह्यांना बजावलं.

आणि मी काय विचारावं? "मग माझा नवस?" बाळाचा ताप डोळ्यांसमोर होता ना. तुम्ही लावाल का पुढच्या पायऱ्यांना, असं म्हणत मी ताटली पुढे केली, तर तिने हात मागे घेतला. "अम्मा, कुंकू मी कसं लावू?" तेव्हा तिच्या मोकळ्या कपाळाकडे माझं लक्ष गेलं. खोटं कशाला सांगू, क्षणभर माझाही हात थबकला. ज्या घरात वाढले तिथलं ते भय. पण माझा जीव जिने धरून ठेवला, तिला नको कसं म्हणायचं? मी ताटली तिच्या हातात ठेवली आणि तिची बोटं मिटवली. ती वाकली, मी बसले होते त्याच्याच वरच्या पायरीला तिने हळद लावली, मग कुंकू. आता मात्र तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

चढणाऱ्या दोघांनी आधार देऊन मला नंदीपर्यंत नेलं, तिथल्या रस्त्यावर रिक्षा मिळाली. तपासणीत पोटरीच्या शिरेत गाठ निघाली, गुडघ्याच्या वरपर्यंत. चोळलं नाहीत हे फार बरं केलंत, डॉक्टर म्हणाल्या. इंजेक्शनं झाली, गोळ्या अजून चालू आहेत, पायात घट्ट मोजा असतो. बाळाचा ताप साधा होता, दोन दिवसांत उतरला.

भेटायला आलेल्या माझ्या मावससासूबाईंनी सगळं ऐकून नाक मुरडलं. असा नवस फिटत नाही, पुन्हा कर, म्हणाल्या. मी म्हटलं, "फिटला. तिचा हात देवीला चालत नसेल, तर मी तरी कशी चालेन?"

त्या बाईचं नाव मी विचारलं नाही. तिने शेवटच्या पायरीपर्यंत लावलं का, हेही पाहायला गेले नाही, आणि मला त्याची काळजीही वाटत नाही. नवस बोलणं माझं काम होतं. तो कुणाच्या हातून घ्यायचा, हे देवीने ठरवलं.