फाटकाचा रूळ

जिंतूरला रेल्वे नाही, म्हणून मी घरच्या टेबलावर खेळण्यातली आणली. गाडी आली की फाटक पाडणाऱ्या खास रुळाची किंमत दुकानदार कमी करीना. मी तो त्याच्या अंगावर भिरकावला आणि फाटकासोबत साधेच रूळ घेतले.

मोठ्या भावाला मुद्दाम बघायला बोलावलं. दुकानातला प्रकार त्याच्या कानावर होताच. गाडी फाटकावरून गेली, दांडा हलला नाही.

"लय भाव पाडतोस न्हवं? आता फाटकबी हातानंच पाड," तो माझ्या बायकोपोरांसमोर हसला.

लहानपणापासून तो मला असाच हसत आलाय. मी रूळ उपसून त्याच्या तोंडावर दोनदा हाणला. ओठ फाटला, टेबलावर रक्त सांडलं.

पुढं तो खास रूळ मी दुकानदार म्हणेल त्या किमतीला आणला. फाटक आता दर फेरीला पडतं. भाऊ येत नाही. मीही बोलावत नाही.