सिद्धूची बाकीची गाणी

हे मी कुणापुढं बोललेलो नाही. आईपुढं बोलायला गेलो होतो एकदा, सांगवीला. ती भाजी निवडत होती. मी समोर बसलो, पाण्याच्या पाळीबद्दल काहीबाही बोललो आणि परत आलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढं जमेल असं वाटतं.

आधी माझा नाद सांगतो. टीव्हीला जोडून खेळायचे ते जुने गेम आठवतात? मागं एकसारखं टुंगटुंग संगीत वाजायचं. अशा एका गेमचं सगळं संगीत आता एकाच बारक्या फाइलमध्ये मिळतं. पण ती लावली की पहिलंच गाणं वाजत राहतं. बाकीची आत असतात, दिसत नाहीत. ती एकेक करून सुटी काढायची, प्रत्येकाला नाव द्यायचं — हा माझा उद्योग. शब्द नसले तरी आम्ही त्यांना गाणीच म्हणायचो. त्यांना शेवट नसतो. खेळणारा खेळतोय तोवर ती फिरून फिरून वाजणार. मग कुठं आवाज हळूहळू विरवत न्यायचा, ते काढणाऱ्यानं ठरवायचं. बारामतीत एका खोलीत एकटा राहतो मी, कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवतो. रविवारी दुसरं करायचं तरी काय?

आम्ही म्हणजे मी आणि सिद्धार्थ. सणसरचा. कॉलेजात माझ्या शेजारी बसायचा. मी दुसऱ्यांची गाणी काढायचो, तो स्वतःची करायचा — अगदी त्या जुन्या गेमसारखी, तशाच फाइलमध्ये. गेम कुठला? गेम नव्हताच. "गेम नंतर करू, आधी गाणी होऊ देत," म्हणायचा. पुढं पुण्यात नोकरीला लागला. तिथून त्यानं मला सगळी फाइल पाठवली. सुटी करून ठेव, नावं मी तिकडं आल्यावर सांगतो, असं लिहिलं होतं. मग त्याला कावीळ झाली. साधी वाटली होती सगळ्यांना. तो आलाच नाही.

आता इथून पुढं — थोडं थांबत सांगतो.

नेटवर ह्या नादाच्या माणसांचा एक ग्रुप आहे. कुणी कुणाला पाहिलेलं नाही. मी वर्षानुवर्षं तिथं लोकांची गाणी टाकत होतो. कुणी थँक्स लिहायचं, बाकीचे गाणं घेऊन जायचे. सिद्धू गेल्यावर एका रविवारी मी त्याच्या फाइलमधलं दुसरं गाणं काढलं आणि तिथं टाकलं. कुणी केलं, ते लिहायची जागा असते. तिथं मी माझं नाव लिहिलं.

चुकून? नाही. लिहिलं, वाचलं, मग बटण दाबलं.

लोक लिहायला लागले. कसं सुचलं, विचारायला लागले. एकानं लिहिलं, माझी मुलगी हे ऐकत झोपते. मी प्रत्येकाला उत्तर दिलं, सावकाश, विचार करून. इतकी माणसं माझ्याशी आयुष्यात कधी बोलली नव्हती. गेलेल्या माणसाचं काय बिघडतंय, असंही मी मनाशी म्हणालो. तुम्हीही म्हणाल कदाचित. पण मग तात्या आले.

तात्या म्हणजे सिद्धूचे वडील. सणसरहून एसटीनं आले होते. रुमालात गुंडाळलेला पेन ड्राइव्ह त्यांनी खिशातून काढला.

"उमेश, ह्यात त्याची गाणी हायत म्हणं. नातीनं लावली, तर एकच वाजतंय. तो तर म्हणला हुता, लई केल्यात."

मी पेन ड्राइव्ह लावला. तीच फाइल. सगळी गाणी होती. सुटी काढून द्यायला चहा होईतोवरचा वेळ पुरला असता. पण त्यात ते दुसरं गाणंही होतं. ते त्यांच्या घरात वाजलं असतं, नातीनं ऐकलं असतं, उद्या कुणाला तरी पाठवलं असतं. मी स्क्रीन जरा माझ्याकडं वळवली.

"एकच आहे, तात्या."

"आसं व्हय?" त्यांनी रुमालाची घडी घातली. "मग लई केल्यात म्हणला कशाला?"

इथं तरी थांबता आलं असतं. माहीत नाही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "तो असाच बोलायचा, तात्या. थोडं वाढवून."

ऐकलंत? नाव चोरलं ते चोरलंच. पण ज्याच्याइतका खरं बोलणारा माणूस मी पाहिला नाही, त्याला मी त्याच्या बापासमोर बढाईखोर ठरवलं. आणि बापानं ते मानलं. मान हलवली. मी ते एक गाणं नीट कापून त्यांच्या फोनमध्ये घालून दिलं. निघताना म्हणाले, "तू हायस म्हणून बरं हाय."

पुढं एकदा मार्केट यार्डात भेटले. डाळिंबं घेऊन आले होते. क्रेट उतरवून झाल्यावर माझ्याजवळ आले.

"नात सांगत हुती, तुझं बी गाणं हाय नेटवर. लोकं नावाजत्यात म्हणं. ऐकव की."

रेंज नाही म्हणता आलं असतं. का लावलं मी? ते ओळखतील असं वाटलं होतं का? ओळखणार कसे? मी त्यांना ते कधी ऐकूच दिलं नव्हतं. त्यांनी फोन कानाला लावला. आजूबाजूला हमालांचा गलका, टेम्पोचे हॉर्न. खाली बघत त्यांनी गाणं पुरतं ऐकलं.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "सिद्धूच्या हातनं एकच झालं. तुला तरी जमलं."

फोन माझ्या हातात देऊन ते टेम्पोकडं गेले.

ते सणसरलाच असतात. बारामतीहून जायला फार वेळ लागत नाही. मी गेलेलो नाही. गाणं अजून माझ्याच नावावर आहे. काल त्याच्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, फार जिव्हाळ्यानं केलंय तुम्ही.

मी थँक्स लिहिलं.