चारवर अडकलेला काटा

आरोग्य केंद्रात सगळे त्यांना तोंडावर ‘सिस्टर’ म्हणत आणि पाठीमागे ‘थर्मामीटरबाई’. दुसरे नाव कंपाउंडरने ठेवले होते, हे त्यांना ठाऊक होते आणि त्याचे त्यांना काही वाटत नसे. वीस वर्षे रोज सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला त्या लसींच्या फ्रीजचे झाकण उघडत, आतल्या टोपलीला टांगलेला थर्मामीटर डोळ्यांच्या रेषेत धरत आणि आकडा वहीत लिहीत. आकडा दोन ते आठ अंशांच्या आत असेल तर निळी शाई, नसेल तर लाल. सही त्यानंतर. सुट्टीवर निघताना दोन दिवसांचे आकडे आगाऊ भरून ठेवण्याची सोय इतर केंद्रांत सर्रास चाले. सिस्टरांच्या वह्यांत तिचा मागमूस नाही. त्या वह्या चाळल्या तर एकसारखे दोन दिवस क्वचितच भेटतात. साडेतीन, पाच, चार, सव्वासहा. फ्रीज जुना होता आणि म्हाताऱ्या माणसासारखी त्याची तब्येत रोज वेगळी असे.

फ्रीजच्या बाहेरच्या अंगालाही एक तबकडी होती. तिचा काटा साथ येण्याच्या दोन वर्षे आधी चारवर अडकला, तो अडकलाच. दुरुस्तीसाठी केंद्राने वरच्या कार्यालयाला चार पत्रे पाठवली. चारही पत्रांच्या स्थळप्रती फायलीत आहेत, उत्तर एकाचेही नाही. शेवटी सिस्टरांनी तबकडीवर कागदाची पट्टी डकवली आणि वर ठळक लिहिले: ‘हा काटा खोटा आहे. झाकण उघडून बघा.’

मग साथ आली. केंद्राच्या प्रत्येक खोलीत दिवसातून दोनदा जंतुनाशकाचा फवारा सुरू झाला. भिंतींचे रंग उडाले, खुर्च्यांचे पत्रे गंजले आणि ती पट्टीही कधीतरी भिजून गळून पडली. तेव्हा सिस्टर तापाने घरात, वरच्या खोलीत आठ दिवस एकट्या पडून होत्या. त्या दिवसांत लसीकरण बंद होते आणि फ्रीजची जबाबदारी कंपाउंडरकडे होती.

घरात तीन माणसे. सिस्टर, त्यांचे पती आणि धाकटा दीर. दीर घड्याळजी होता. घराच्याच खालच्या खोलीत त्याचे दुकान. बारा वर्षांपूर्वी त्याने आपले एक मूत्रपिंड थोरल्या भावाला दिले होते. “आमच्याकडे दोन भावांत मिळून दोन मूत्रपिंडं,” असे तो गिऱ्हाइकांना सांगे, “एक आतल्या खोलीत असतं, एक दुकानात बसतं.” थोरल्याला जन्मभर चालणाऱ्या गोळ्यांनी रोगाशी झुंजायची ताकद उरली नव्हती. त्याला लस देऊन झाली होती, पण ती त्याच्या अंगात कितपत लागली असेल याची खात्री डॉक्टर देत नव्हते. म्हणजे दुकानातल्या मूत्रपिंडाने आजार घरात आणला तर दोन्ही जायची. हे सगळे घड्याळजीला पाठ होते, तरी तो लस घ्यायला तयार नव्हता.

“आत पाणी भरतात, वहिनी,” तो म्हणायचा. “तुम्ही भोळ्या. तुम्हाला बाटली देतात, तुम्ही टोचता.”

“मी भोळी?”

“बरं, भोळ्या नाही. सरकारी.”

दोन महिने सिस्टरांनी त्याच्यामागे तगादा लावला. अखेर पुढच्या सोमवारसाठी तो कबूल झाला. चिठ्ठीवर नंबर होता तेवीस.

त्या सोमवारी सिस्टर कामावर परतल्या. साडेसात वाजले होते आणि रांग फाटकाबाहेर गेली होती. आदल्या रात्रीच केंद्राचा निरोप सगळ्यांच्या मोबाइलवर पोचला होता: ‘उद्या नऊ वाजल्यापासून दीडशे डोस.’ सिस्टरांनी हात धुतले, झाकण उघडले, थर्मामीटर वर उचलला. तो शून्याच्या खाली दोनवर होता.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मग वही उघडली. आठ दिवसांच्या सोळा नोंदी एकाच हाताच्या, एकाच पेनाच्या. चार, चार, चार, चार.

कंपाउंडर मास्क सारखा करत आत आला.

“बऱ्या झालात, सिस्टर? चेहरा उतरलाय अजून.”

“हे आकडे कुठून आणलेत?”

“कुठून म्हणजे? काट्यावरून.” त्याने बोट दाखवले आणि ते बोट तसेच राहिले. तबकडीच्या काचेवर गोंदाचा चौकोनी डाग तेवढा दिसत होता.

“पट्टी होती तिथे,” तो हळूच म्हणाला.

“होती. आणि थंडीचं बटण कुणी फिरवलं?”

“मीच. बुधवारी दिवसभर वीज जात-येत होती. उकाडा केवढा. म्हटलं, गरम होऊन लस वाया नको जायला.” त्याने बसण्यासाठी खुर्ची शोधली. “गोठली असेल?”

गरम झाली की लस बिघडते हे सगळ्यांना ठाऊक असते, त्याची भीतीही असते. थंडीत ती मरते, हे मात्र कुणाच्या ध्यानात राहत नाही. ही लस एकदा गोठली की वितळून पुन्हा पहिल्यासारखीच दिसते, तसाच दुधी रंग, तेवढीच कुपी. टोचली तर दंडही दुखतो. अंगात मात्र काहीच उभे राहत नाही.

सिस्टरांनी सोळा कुप्यांतली एक उचलली, शेजारच्या बर्फाच्या कपाटात ठेवली आणि वेळ लिहून ठेवली. सात वाजून बेचाळीस मिनिटे. हिला मुद्दाम गोठवायचे, मग वितळवायचे आणि संशयित कुपीच्या जोडीने हलवून टेबलावर ठेवायचे. गोठून गेलेल्या लसीतला गाळ भराभर तळाला बसतो, धडधाकट लसीतला रेंगाळतो. दोन्हींतला गाळ सारख्याच वेगाने बसला तर संशयितही मेलेली.

पावणेनऊला डॉक्टरसाहेब आले. चाळिशीतला माणूस, चार महिन्यांत एक दिवसही रजा न घेतलेला, डोळे खोल गेलेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि दार लावले.

“सिस्टर, बाहेर दीडशे माणसं आहेत. निरोप गेलाय. वरून दर तासाला आकडा मागतात.”

“त्यांना सांगा, नऊचा आकडा शून्य.”

“थर्मामीटर बिघडलेला असू शकतो.”

“म्हणून तर तपासतेय. साडेदहापर्यंत थांबा.”

“आणि लोकांना काय सांगू?”

“तुम्ही नका सांगू. मी सांगते.”

केंद्रातले लोक आजही सांगतात की सिस्टर पायरीवर उभ्या राहून गरजल्या. वहीत तसे काही नाही, ‘८.५५, रांगेस कल्पना दिली’ एवढेच आहे. त्या काय म्हणाल्या याबद्दल मात्र दुमत नाही. “लस गोठल्याची शंका आहे. साडेदहाला तुमच्यासमोर तपासते. ज्यांना थांबायचं त्यांनी थांबा.”

रांगेत कुजबुज झाली, मग गलका. आणि सगळ्यांच्या वर एक ओळखीचा आवाज.

“मी काय सांगत होतो? मी काय सांगत होतो? आत पाणी!” घड्याळजी रांग सोडून पुढे आला होता. “खुद्द माझ्या वहिनी सांगतायत, आता तरी विश्वास ठेवा.”

साहेबांच्या रागाची सिस्टरांनी तयारी ठेवली होती. आपण खरे बोललो की घरचा माणूस ते असे उलटे वाजवील, याची नव्हती. दहा-बारा जण चिठ्ठ्या फाडून चालते झाले. सिस्टरांनी दिराकडे पाहिले.

“भाऊजी, भिंग आणलंय?”

“खिशातच असतं.”

“मग तोंड बंद करा आणि आत या. पाणी आहे की काय आहे, तुम्हीच बघा.”

खिडकीजवळचे टेबल त्यांनी व्हरांड्यात ओढून घेतले, म्हणजे रांगेला दिसेल. साडेदहाला तीन कुप्या मांडल्या. एक मुद्दाम गोठवून वितळवलेली, एक फ्रीजच्या तळाच्या टोपलीतली, एक वरच्या टोपलीतली. तिन्ही एकदमच मुठीत धरून त्यांनी खसाखसा हलवल्या आणि सोडल्या. घड्याळजीने भिंग डोळ्याला अडकवले, मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर ठेवले आणि वाकला. तीस वर्षे केसाएवढे काटे निरखलेला तो डोळा हलेना.

“ही गोठवलेली ना? हिच्यात कण दिसतायत,” बऱ्याच वेळाने तो म्हणाला. “खाली बसतायत. तळाच्या कुपीतही तसेच. वरचा भाग निवळ झाला.” थोड्या वेळाने: “नऊ मिनिटं. या दोघी जुळ्या आहेत.”

“आणि तिसरी?”

“ती अजून ढगाळ आहे. सावकाश चाललीय.” तो ताठ झाला, भिंग काढले. त्याचा आवाज बदललेला होता. “पाणी नाही, वहिनी. पाण्यात काही बसत नाही. यात काहीतरी होतं, ते मेलंय.”

डॉक्टरसाहेबांनी सिस्टरांना बाजूला घेतले. त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच जरा उजेड आला होता.

“वरची चांगली आहे. म्हणजे वरच्या टोपलीतल्या आठ कुप्या वापरता येतील. पहिल्या ऐंशी जणांना देऊ. एकदम हात हलवत परत पाठवण्यापेक्षा बरं.”

हिशेब सरळ होता. तेवीस नंबर त्या ऐंशीत बसत होता. घड्याळजी चार पावलांवर उभा होता आणि त्याचे कान तिखट होते.

“कंपाउंडर,” सिस्टरांनी हाक मारली, “आठ दिवसांत टोपल्या हलवल्यात?”

कंपाउंडरने मान खाली घातली. “शुक्रवारी नवा साठा आला तेव्हा खालीवर केल्या. मग शनिवारी पुन्हा पुसायला काढल्या.”

“कुठली कुपी कुठे होती, सांगता येईल?”

“नाही.”

“मग वरची आज वर आहे, एवढंच आपल्याला कळलं. बाकीच्यांतली कुठली मधे तळाशी राहून गोठली, कुणास ठाऊक. साहेब, एकही देणार नाही.”

“सिस्टर, हे अति होतंय.”

“होऊ द्या.”

“मी लेखी आदेश दिला तर?”

“तर मी लेखी नकार देईन. दोन्ही कागद एकाच फायलीत लावू.”

घड्याळजी जवळ आला. आता तो खिजवत नव्हता.

“दोन महिने माझा जीव खाल्लात तुम्ही. आता मी आलोय, बाही वर करून उभा आहे. माझा नंबर तेवीस आहे, वहिनी.”

“माहीत आहे.”

“आणि नवी लस येईपर्यंत मला झालं तर? मला झालं म्हणजे दादालाही होणार.”

आतल्या खोलीतला माणूस सिस्टरांना दिसत असला पाहिजे.

“तर दोष माझा. तोही वहीत लिहीन. पण टोचून तुम्हाला घरी पाठवलं आणि तुम्ही निर्धास्त दुकानात बसलात, तर ते पाप मला झेपायचं नाही. घरी जा. दुकानाचं शटर अर्धं पाडा.”

तो गेला नाही. तपासणीच्या नोंदीखाली साक्षीदार म्हणून त्याने सही केली, वेळेसह. कंपाउंडरने आपल्या सोळा चारांवर स्वतःच्या हाताने रेघ ओढली. ‘पान फाडा, नवं लिहू’ असे तो आधी म्हणाला होता. सिस्टरांनी वही हाताखाली दाबून धरली. रेघेखालचे आकडे वाचता आले पाहिजेत. समासात त्याने लिहिले: ‘बाहेरची तबकडी पाहून भरले.’ त्या ओळीत कुणाचे नाव घालायला सिस्टरांनी लावले नाही.

फलकावर काय लिहायचे यावरून दुपारी पुन्हा जुंपली. साहेबांना ‘तांत्रिक कारणास्तव लसीकरण पुढे ढकलले आहे’ असे हवे होते. सिस्टरांनी खडू उचलला आणि लिहिले: ‘लस आमच्या फ्रीजमध्ये गोठली. कुणालाही टोचलेली नाही. नवी लस गुरुवारी.’ साहेब बराच वेळ फलकासमोर उभे राहिले. त्यांनी तो पुसला नाही, हेही नोंदवायला हवे.

बुधवारी कारणे दाखवा नोटीस आली. साठ्याची नासाडी, लोकांत घबराट, वरिष्ठांचा अवमान. सिस्टरांचे उत्तर पाऊण पान आहे. सोबत वहीच्या पानाची प्रत, साक्षीदाराची सही आणि तबकडीच्या दुरुस्तीसाठी पाठवलेल्या चारही पत्रांच्या प्रती. शेवटची ओळ अशी: ‘अशी वेळ पुन्हा आल्यास पुन्हा असेच करीन.’ त्या नोटिशीचा निकाल फायलीत सापडत नाही.

त्या तीन दिवसांत घड्याळजी अर्ध्या शटराखालून घड्याळे घेत आणि परत करत होता, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला भिंगातून काय पाहिले ते रंगवून सांगत होता. कुणी ऐकून म्हणे, बाई खरी आहे. बहुतेक म्हणत, म्हणजे इतके दिवस काय टोचत होते कुणास ठाऊक.

गुरुवारी नवी लस आली. थर्मामीटर सव्वापाचवर होता. दीडशे चिठ्ठ्यांवर सदुसष्ट माणसे आली. घड्याळजी त्यांत होता. त्याने कुपी उजेडात धरून पाहिली, हलवली, परत दिली आणि दंड पुढे केला. “टोचा. आणि नीट टोचा, मला एकच मूत्रपिंड आहे.”

“ते दंडात नसतं, भाऊजी.”

संध्याकाळी साहेबांनी आकडा पाहिला. “दीडशेचे सदुसष्ट. कुणामुळे, ते मी बोलत नाही.”

“बोला ना. माझ्यामुळे. पण सदुसष्ट जणांना लस मिळाली, साहेब. सोमवारी दीडशे जणांना नुसती सुई मिळाली असती.”

सिस्टरांनी फलकावर लिहिले: ‘आले ६७. राहिले ८३.’ ‘राहिले’ नको, असे साहेब म्हणाले. त्यांनी ऐकले नाही. मग चिठ्ठ्यांच्या यादीतली राहिलेली त्र्याऐंशी नावे वेगळ्या कागदावर उतरवली, केंद्राचा फोन जवळ ओढला आणि पहिला नंबर फिरवला. पलीकडच्या माणसाने लसीचे नाव ऐकताच तोंड सोडले: गोठलेला माल लोकांच्या अंगात घालणारे तुम्हीच ना, सोमवारी बायकोनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. सिस्टरांनी त्याला पूर्ण बोलू दिले.

“हो, तेच केंद्र,” त्या म्हणाल्या. “आणि लस थांबवली ती मीच. म्हणूनच मी फोन करतेय, दुसऱ्या कुणाला करायला लावला नाही. शनिवारी नऊला. बायकोलाही आणा.”

तिकडून फोन आपटल्याचा आवाज आला. त्यांनी नावापुढे वेळ लिहिली आणि दुसरा नंबर फिरवला.