नाव न सांगता

कंपन्यांच्या सोयरिकी जुळवणं हा माझा धंदा. एकाकडे यंत्र असतं, दुसऱ्याकडे तंत्रज्ञान; त्यांची गाठ घालून द्यायची. रीत अशी, की आधी नावं सांगायची नाहीत. 'नागपूरचा एक कारखानदार' एवढंच लिहायचं, प्रश्नोत्तरं होऊ द्यायची आणि जमतंय असं दिसलं तरच नावं उघड करायची.

नागपूरजवळच्या वाडीचे चंद्रभानभाऊ संत्री निवडायची यंत्रं बनवतात. बायको वारली, मुलगा रोहित भांडून पुण्याला निघून गेला. भांडण कशावरून, तर त्याला यंत्रावर कॅमेरा लावायचा होता आणि भाऊ म्हणाले होते, "माहे डोये फुटले का?" आता कॅमेऱ्याशिवाय गिऱ्हाईक यंत्राकडे बघेना, तेव्हा स्वारी माझ्या ऑफिसात आली.

मी त्यांच्या नावाशिवाय चौकशी पाठवली, तिला पुण्याच्या एका कंपनीचं उत्तर सगळ्यांत बरं होतं. मी वाचून दाखवलं : 'फळाला मार लागू नये म्हणून रोलरवर सायकलची ट्यूब चढवून पाहा.'

भाऊ सावरून बसले. "हा आमचा रोहित हाय. ट्यूब आमी दोघांनीच चढवली होती."

मी खालची सही पाहिली. रोहितच होता.

"मग तुमचं नाव कळवू?"

"नका कळवू, मॅडम. बोलनंच बंद करन तो."

मग भाऊ रोज नवा प्रश्न घेऊन यायला लागले. उत्तरातलं 'आदरणीय महोदय' मला पुन्हा पुन्हा वाचायला लावायचे. "बापाले महोदय म्हनून राहिला," असं म्हणून हसायचे. एकदा तर तिकडे थंडी किती पडते, हेही विचारायला लावलं. म्हणे, यंत्राच्या तेलासाठी! मी वैतागले, पण विचारलं.

शेवटी पुण्याहून निरोप आला : आता नाव कळवा, नाहीतर आम्ही थांबतो. भाऊंनी तो निरोपही मला दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "कळवा."

होकार आला, करारही झाला. कॅमेरा बसवायच्या दिवशी भाऊंनी स्वतः बेसनाच्या पाटोडीचा रस्सा केला आणि इस्त्रीचा सदरा घालून फाटकात उभे राहिले. गाडीतून श्वेता नावाची इंजिनिअर उतरली.

"सर येणार नाहीत. यापुढे तुमचं काम मीच बघणार."

मला रोहितचा भयंकर राग आला. भाऊंनी मात्र तिला आग्रह करकरून जेवू घातलं. कॅमेरा पहिल्या झटक्यात चालला. ती निघाली तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमचे सर जेवतात का वं वेळेवर?"

ती गोंधळली. "काका, तुम्ही सरांना ओळखता?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाही," ते म्हणाले. "नाव आयकून हाय."